ड्रिल घ्यावं की स्क्रू ड्रायव्हर? घरासाठी आणि वर्गासाठी



आमच्या वर्गातल्या वाचनकोपऱ्याची नवी फळी पाहून गेल्या काही दिवसांत चार-पाच पालकांनी मला एकच प्रश्न विचारला. "बाई, ते बॅटरीवालं मशीन कुठलं घेतलंत? आम्हालाही घरी घ्यायचंय." शाळा सुटताना फाटकाशी उभ्या उभ्या याचं उत्तर देता येत नाही. म्हणून आज नेहमीच्या पाठाऐवजी हा लेख लिहिते आहे. पाठ यातही आहेत, ते ओघात येतीलच.

आधी मला सांगा, तुमच्या घरी सध्या स्क्रू कशाने फिरवतात? बहुतेक घरांतलं उत्तर मला माहीत आहे. टेस्टरने! लाइट आहे की नाही बघायला आणलेला टेस्टर, त्यानेच कुकरच्या दांड्याचा स्क्रू, त्यानेच मिक्सरचा, आणि त्यानेच मुलांच्या गाडीचं सेलचं झाकण. टेस्टरचं टोक बारीक आणि चपटं, स्क्रूचं डोकं मात्र चौफुलीचं. दोन-तीन वेळा टोक घसरलं की त्या फुलीचा गोल खड्डा होतो आणि मग तो स्क्रू आतही जात नाही, बाहेरही येत नाही. त्यामुळे मशीनचा विचार करण्याआधी एक बरा हाताचा स्क्रू ड्रायव्हर घ्या, एका बाजूला चपटा आणि एका बाजूला स्टार. ज्यांच्या घरी वर्षाकाठी चारच स्क्रू आवळायचे असतात, त्यांनी एवढ्यावर थांबलं तरी काही बिघडत नाही.

या स्टारची गोष्ट मुलांना सांगण्यासारखी आहे. जुन्या चपट्या खाचेत टोक सरकतं, ते दर वेळी मध्यभागी आणावं लागतं. हाताने काम करताना ते चालून जातं, यंत्राने करताना नाही. अमेरिकेतल्या पोर्टलंडचे हेन्री फिलिप्स यांनी १९३६ साली चौफुलीच्या स्क्रूची पेटंटं मिळवली आणि मोटारींच्या कारखान्यांनी तो उचलून धरला, कारण त्यात बिट आपोआप मध्यावर बसतो. त्यांच्याच नावाची दोन अक्षरं आजही बिटावर कोरलेली असतात, पीएच १, पीएच २ अशी. घरातले बहुतेक स्क्रू दोन नंबरचे असतात. रिमोटचे, खेळण्यांचे शून्य किंवा एक नंबरचे. नंबर जुळला नाही तर हजारो रुपयांचं मशीनही टेस्टरसारखंच वागतं.

आता मूळ प्रश्न. दुकानात दोन यंत्रं शेजारी शेजारी ठेवलेली असतात आणि लांबून दोन्ही पिस्तुलासारखी दिसतात. लहान असतो तो बॅटरीचा स्क्रू ड्रायव्हर. त्यात साधारण ३.६ व्होल्टचा एकच सेल असतो. पुढे षटकोनी भोक असतं, त्यात फक्त बिट बसतो, आणि मिनिटाला दोन-तीनशे फेरे होतात. मोठं असतं ते छोटं बॅटरी ड्रिल, बहुतेक १२ व्होल्टचं. त्याच्या पुढे तीन जबड्यांचं चक असतं, त्यात १० मिलिमीटरपर्यंतचं ड्रिल बिटही धरता येतं आणि स्क्रूचा बिटही. वर दोन गिअरची कळ. एका गिअरला फेरे कमी आणि जोर जास्त, दुसऱ्याला उलट. सायकलचा गिअर ज्याने वापरला आहे त्या मुलाला हे एका वाक्यात कळतं.

दोघांमधला खरा फरक जोराचा, म्हणजे फिरवण्याच्या पिळाचा. खोक्यावर तो न्यूटन-मीटरमध्ये छापलेला असतो आणि बहुतेक लोक तो आकडा वाचतच नाहीत. वर्गात आम्ही तो असा समजून घेतला. मीटरपट्टीचं एक टोक मुठीत पकडायचं, पट्टी आडवी धरायची आणि दुसऱ्या टोकाला अर्धा लिटर पाण्याची बाटली टांगायची. मनगटाला जो पीळ जाणवतो तो सुमारे ५ न्यूटन-मीटर. छोट्या ड्रायव्हरची ताकद साधारण एवढीच असते, आणि आपण हाताने नेट लावून स्क्रू आवळतो तेव्हाची ताकदही याच्याच आसपास. १२ व्होल्टच्या ड्रिलला ३० न्यूटन-मीटरच्या आसपास पीळ असतो, म्हणजे त्याच टोकाला सहा बाटल्या. (त्या टांगून पाहू नका, पट्टी मोडेल.) मुलांनी एक बाटली धरली, दोन धरल्या, आणि तिसऱ्या बाटलीला वर्गातला सगळ्यात दांडगा मुलगा म्हणाला, "बाई, हात फिरतोय." ड्रिलचं बिट लाकडातल्या गाठीत अडकलं की नेमकं तेच होतं. बिट थांबतं आणि मशीन हाताला पिळतं. छोटा ड्रायव्हर अशा वेळी नुसता थांबतो. मोठ्या माणसाच्या हातात ड्रिलची ती ताकद उपयोगी पडते, नऊ वर्षांच्या मनगटाला ती नको.

माझा निकष यातूनच ठरला. काय घ्यायचं हे दोन गोष्टींवरून ठरवा. स्क्रू कशात जाणार आहे, आणि मशीन कोण धरणार आहे. ऑफर, रंग, खोक्यातल्या शंभर वस्तू हे सगळं त्यानंतर.

आमच्या घरी आम्ही आधी कामांची यादी केली. पावसाळ्यात दारं फुगतात आणि बिजागऱ्यांचे स्क्रू ढिले होतात, हे धाटावला काय नि रोह्याला काय, सगळ्यांच्या घरचं दुखणं. स्वयंपाकघरातल्या कपाटाची दोन झाकणं लोंबत होती. मुलाचं अभ्यासाचं टेबल जोडायचं होतं. शाळेत वाचनकोपऱ्याची फळी लावायची होती. आणि शेवटचं काम सासूबाईंचं. त्यांचे गुडघे दुखतात, न्हाणीघरात उठताना त्या नळाला धरतात आणि एकदा पडता पडता वाचल्या. त्यांच्यासाठी भिंतीला धरायचा स्टीलचा दांडा बसवायचा होता. हे काम यादीत आलं आणि खरेदीचा सगळा विचारच बदलला. कपाटाचं झाकण पुन्हा लोंबलं तर हसून सोडून देता येतं. सासूबाई ज्याच्या भरवशावर उठणार, तो दांडा हातात निघून येऊन चालणार नव्हता.

भिंत म्हणजे भिंत, असं आपण धरून चालतो. आमचं निम्मं घर जुनं, जांभ्याच्या चिऱ्यांचं आहे. मागची खोली आणि न्हाणीघर नवं, विटांचं, वर आरसीसीचा स्लॅब. जांभा खाणीतून ताजा निघाला की मऊ असतो, कोयत्यासारख्या हत्याराने तासता येतो, हवा लागली की घट्ट होतो. (फ्रान्सिस बुकानन यांनी १८०७ साली मलबारातल्या याच दगडाला 'लॅटराइट' हे नाव दिलं, विटेसाठीच्या लॅटिन शब्दावरून. भूगोल शिकवणाऱ्यांना उपयोगी पडेल.) पण चिरा आतून सगळा सारखा नसतो. एका जागी बिट लोण्यासारखं आत जातं आणि लाल भुकटी सांडते, तिथून चार बोटांवर खडा लागतो आणि बिट किंचाळतं. जांभ्यात ठोक्याचं, म्हणजे हॅमरचं बटण आम्ही बंदच ठेवतो. ठोके दिले की भोकाच्या कडा ढासळतात, भोक मोठं होतं आणि प्लास्टिकचा प्लग आत नुसता फिरतो. विटेला हलके ठोके चालतात. आरसीसीच्या तुळईसमोर मात्र १२ व्होल्टचं ड्रिल दमून जातं, तिथे बांधकामवाल्यांचं मोठं रोटरी हॅमरच लागतं.

हे समजावताना वर्गात चंद्र आला. १९७१ साली अपोलो १५ च्या अंतराळवीरांनी चंद्रावर बॅटरीचं ड्रिल नेलं होतं. जमिनीतली उष्णता मोजण्यासाठी तीन मीटर खोल भोक पाडायचं ठरलं होतं, पण जमीन वाटली त्यापेक्षा घट्ट निघाली आणि काम निम्म्याच्या आसपास अडकलं. मुलांना हे फार आवडलं. "बाई, तिथे पण जांभा होता का?" असा प्रश्नही आला.

न्हाणीघराच्या दांड्यासाठी आम्ही मशीन विकत घेतलं नाही. ओळखीच्या मिस्त्रींना बोलावलं. त्यांनी आधी टाइल्सवर चिकटपट्टी लावली, म्हणजे बिट घसरत नाही. टाइल पार होईपर्यंत ठोके बंद, मग आत विटेत ठोके चालू. प्लग नुसत्या गिलाव्यात न राहता विटेत पुरेसा आत गेला आहे हे त्यांनी मला बोट लावून दाखवलं. पाण्याची पाइप कुठून गेली आहे हेही आधी विचारून घेतलं. सगळं काम अर्ध्या-पाऊण तासाचं. नंतर घरातल्या सगळ्यात वजनदार माणसाने, म्हणजे आमच्या ह्यांनी, दांड्याला लोंबकळून पाहिलं. सासूबाई म्हणाल्या, "तू मोडलास तरी चालेल, दांडा मोडू नको." वर्षातून एकदा येणाऱ्या अशा कामासाठी जड मशीन घेऊन माळ्यावर ठेवण्यात मला अर्थ वाटत नाही. ते माणसासकट बोलवावं.

ते काम बाजूला काढल्यावर यादीत उरलं लाकूड, प्लायवूड, पत्रा आणि जांभा. त्यासाठी १२ व्होल्टचं ड्रिल पुरेसं होतं आणि आम्ही तेच घेतलं, दोन बॅटऱ्यांसकट. छोटा ड्रायव्हर घरासाठी का नाही? कारण स्क्रू आत जाण्याआधी त्याला वाट करून द्यावी लागते. प्लायवूडच्या कडेला किंवा जुन्या सागाच्या चौकटीत आधी बारीक भोक न पाडता स्क्रू घुसवला तर लाकूड चिरतं. ते भोक पाडायला ड्रायव्हरचे मिनिटाला दोन-तीनशे फेरे फार कमी पडतात. पूर्वी सुतार याच कामाला गिरमिट वापरायचे, तुमच्या आजोबांच्या पेटीत अजून असेल. ड्रिल दोन्ही करतं, आधी भोक आणि मग स्क्रू.

ड्रिल घेताना एक गोष्ट मात्र जरूर पाहा. चकच्या मागे आकडे लिहिलेली फिरती कडी असते, तो क्लच. एक, दोन, तीन असं करत पंधरा-वीसपर्यंत आकडे असतात आणि शेवटी ड्रिलचं चित्र. कडी कमी आकड्यावर ठेवली की ठराविक जोरानंतर 'कटकट' आवाज येतो आणि बिट फिरायचं थांबतं, म्हणजे स्क्रू लाकडात बुडत नाही आणि डोकंही झिजत नाही. कपाटाच्या बिजागरीला आम्ही चारपासून सुरुवात करतो, गरज पडली तर एकेक आकडा वाढवतो. ज्या ड्रिलला क्लच नाही ते स्क्रूच्या कामाला घेऊ नका, स्वस्त असलं तरी.

व्होल्टच्या आकड्यांनी मात्र गोंधळू नका. हे गणित मी पाचवीच्या मुलांना दशांश अपूर्णांकाला दिलं होतं. लिथियमचा एक सेल सरासरी ३.६ व्होल्टचा, नुकताच चार्ज केला की ४ च्या थोडा वर. तीन सेल म्हणजे ३ × ३.६ = १०.८, आणि ३ × ४ = १२. म्हणजे खोक्यावर १०.८ लिहिलेलं आणि १२ लिहिलेलं यंत्र एकाच ताकदीचं असू शकतं. तसंच पाच सेलचं १८ आणि २०. मग मुलांना विचारलं, बाजारात ८८ हा आकडा छापलेलं स्वस्त ड्रिलही दिसतं, त्यात ४ व्होल्टचे किती सेल लागतील? उत्तर आलं, २२. "आणि ते मुठीएवढ्या बॅटरीत मावतील का?" सगळा वर्ग हसला. तो आकडा व्होल्टचा नाहीच, हे त्यांना कुणी वेगळं सांगावं लागलं नाही.

आपल्या भागात बॅटरीचं यंत्र घेण्याचं आणखी एक कारण आहे. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धनजवळ किनाऱ्यावर आलं आणि आपल्या रोहे तालुक्यातही घरांचे, शाळांचे पत्रे उडाले, खांब पडले. कित्येक गावांत बरेच दिवस वीज नव्हती. पत्रे परत बसवायचे तर भोकं पाडायला हवीत, आणि वायरचं ड्रिल असून उपयोग काय? ज्यांच्याकडे बॅटरीचं होतं ते जनरेटरवर ती चार्ज करून आणत आणि शेजारची दोन घरंही उरकत. वादळ रोज येत नाही हे खरं, पण लाइट जायला आपल्याकडे वादळच लागतं असंही नाही.

आता वर्गाबद्दल. वर्गासाठी मी ड्रिल नेलं नाही, दोन छोटे ड्रायव्हर घेतले. वजन पाव-अर्धा किलो, बोटांत मावणारे, अडकले की थांबणारे. फळीची भोकं मी आदल्या दिवशी पाडून ठेवली आणि स्क्रू मुलांनी बसवले, चार-चारच्या गटाने. भिंतीत धरणारे शेवटचे चार स्क्रू मी स्वतः आवळले, कारण त्या फळीखाली रोज वीस डोकी बसतात.

पहिल्या दिवशी मुलगे पुढे सरसावले आणि मुली मागे उभ्या. एकीला विचारलं तर म्हणाली, "आमच्याकडे मशीन बाबाच घेतात." तिचे बाबा एमआयडीसीत पाळीवर जातात, आठवड्याला पाळी बदलते. घरातलं लोंबणारं झाकण त्यांच्या सुट्टीची वाट बघतं. मी गटाची रीतच बदलली. प्रत्येकीने आणि प्रत्येकाने एक स्क्रू हाताने सुरू करायचा, मग यंत्राने पूर्ण करायचा, मग उलट फिरवून काढायचा आणि पुढच्याला द्यायचा. आपली पाळी टाळायची मुभा कुणालाच नाही. तिसऱ्या दिवशी तीच मुलगी दुसऱ्या गटाला सांगत होती, "दाबून धर आधी, मग बटण. नाहीतर घसरतं." पुढच्या आठवड्यात तिची आई भेटली. घरच्या कपाटाच्या बिजागऱ्या मायलेकींनी आवळल्या होत्या, साध्या हाताच्या स्क्रू ड्रायव्हरने.

हे काही नवीन नाही. १९३७ च्या वर्धा परिषदेत गांधीजींनी हाताच्या कामातून शिक्षणाची कल्पना मांडली. पुणे जिल्ह्यात पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला, तिथे मुलं काम करता करता विज्ञान शिकतात. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीसाठी दहा दिवस दप्तराविना ठेवले आहेत, सुतार, कुंभार, माळी अशा कारागिरांबरोबर काम शिकायला. आपल्याकडे कार्यानुभव हा विषय आहेच, तो कागदाच्या फुलांपाशी अडकू नये एवढंच. सहावीला 'साधी यंत्रे' येतात तेव्हा कागदाचा काटकोन त्रिकोण पेन्सिलीला गुंडाळून दाखवा. उतरण गुंडाळली की स्क्रूचे आटे होतात. हाताने स्क्रू फिरवलेल्या मुलाला ते लगेच पटतं.

सुरक्षेची बाब पालकांनीच सोपी केली. धाटावच्या कारखान्यांत ४ मार्चला राष्ट्रीय सुरक्षा दिन असतो, त्यामुळे गॉगल आणि हातमोजे घरोघरी ओळखीचे. वर्गातल्या एका मुलाचे बाबा कंपनीत मेंटेनन्सला आहेत. ते म्हणाले, "बाई, गॉगल पाहिजेच. पण ड्रिल चालवताना हातमोजे नको, फिरत्या बिटात कापड गुंडाळतं." हे मला महत्त्वाचं वाटलं, कारण आपण उलटच समजतो. त्याच कारणाने ओढणी, पदर, मोकळे केस, लांब मंगळसूत्र, सगळं आधी आवरायचं. बिट बदलताना बॅटरी काढून ठेवायची किंवा दिशेचं बटण मधोमध, म्हणजे कुलपात. भिंतीत स्विचबोर्डच्या सरळ वर किंवा खाली भोक पाडायचं नाही, वायर बहुधा तिथूनच गेलेली असते. ड्रिलला मुलांचा हात लागणार नाही, ते मोठ्या माणसाचं. ड्रायव्हर चालेल, तोही आपण शेजारी असताना.

त्याच बाबांचा आणखी एक सल्ला तुमच्यासाठी. "मशीन मोठं घेऊ नका, बिट चांगलं घ्या." खोक्यात येणारे बिट बऱ्याचदा मऊ असतात. पीएच २ चे दोन-तीन चांगले बिट, लाकडासाठी ३ आणि ४ मिलिमीटरचं ड्रिल बिट आणि भिंतीसाठी ६ मिलिमीटरचं, एवढ्यात घरातली बहुतेक कामं होतात.

आणि आपल्या पावसाचं लक्षात ठेवा. जून लागला की बिट गंजायला लागतात. मी ते तेलाचा बोळा फिरवून झाकणाच्या डब्यात ठेवते, तांदळाच्या डब्याशेजारी नाही, मुलाच्या कंपासपेटीशेजारीही नाही. बॅटरी ओट्यावर गॅसजवळ किंवा उन्हात खिडकीत ठेवू नका. बरेच दिवस वापरणार नसाल तर ती पूर्ण भरलेली किंवा पूर्ण रिकामी न ठेवता अर्धी चार्ज करून, यंत्रातून काढून ठेवा. गणपतीच्या मखराच्या वेळी पुन्हा लागेलच.